जुन्या न्हाणीघराला नवे रूप

गुलमंडी या नावाचा अर्थ तुम्हांला वेगळा सांगायला नको. गुल म्हणजे फूल आणि मंडी म्हणजे बाजार. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहरातील ही जुनी पेठ आहे. पैठण गेटकडून टिळक पथाने सरळ गेले की गुलमंडी लागते. मुख्य रस्त्यावर दुकानांची दाटी असते. आत वळले की अरुंद गल्ल्या सुरू होतात. या गल्ल्यांत काही जुनी घरे अजून उभी आहेत. त्यांच्या भिंती जाड विटांच्या आणि चुन्याच्या आहेत. अशा घरांतील एक खोली मात्र नेहमी दुर्लक्षित राहते. ती म्हणजे न्हाणीघर. तुम्ही तिला गुसलखाना म्हणता. मराठीत तिला न्हाणी किंवा मोरी असेही म्हणतात.

समजा, गुलमंडीच्या मागच्या गल्लीत असेच एक घर आहे. घर पहिल्या मजल्यावर आहे आणि खाली एका शिंप्याचे दुकान आहे. घरात दादी, अब्बा, अम्मी आणि दोन मुले राहतात. त्यांचे न्हाणीघर सहा फूट लांब आणि चार फूट रुंद आहे. जमिनीवर शहाबादी फरशी आहे. अंघोळ झाली तरी एका कोपऱ्यात पाणी साचून राहते. तेथे शेवाळ धरते. भिंतीच्या रंगाचे पोपडे निघाले आहेत. नळ रात्रंदिवस टपटप गळतो. खोलीत दिवसाही अंधार असतो.

एके दिवशी दादींचा पाय घसरला. सुदैवाने दाराची चौकट हाती आली आणि त्या वाचल्या. त्याच आठवड्यात शिंपीकाका वर आले. ते म्हणाले, "भाई, माझ्या छताला ओल आली आहे. काल शिवायला आलेल्या कपड्यावर थेंब पडला. गिऱ्हाइकाला मी काय सांगू?"

आता न्हाणीघराची दुरुस्ती टाळणे शक्य नव्हते. घरात बारा हजार रुपये शिल्लक होते. कोणी म्हणाले, सगळे तोडून नवे करा. कोणी म्हणाले, चकचकीत फरशा बसवा. पण त्याला कितीतरी जास्त पैसे लागले असते. अम्मी म्हणाल्या, "अंथरूण पाहून पाय पसरावेत." उर्दूतही चादर पाहून पाय पसरण्याची म्हण आहे, ती तुम्हांला ठाऊक असेलच.

आधी पाहणी, मग काम

कमी पैशांत चांगले काम करायचे असेल, तर पहिले साधन म्हणजे डोळे. प्रथम काय बिघडले आहे आणि काय चांगले आहे, हे नीट पाहावे.

मुलीने गळक्या नळाखाली एक भांडे ठेवले. तासाभराने मोजले, तर त्यात पाऊण लिटर पाणी जमले होते. तिने हिशेब केला. एका तासात पाऊण लिटर, तर चोवीस तासांत अठरा लिटर! म्हणजे रोज एक बादली पाणी वाया जात होते. या शहराला पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून पाणी मिळते. गोदावरी नदीवरील हे धरण १९७६ साली पूर्ण झाले. धरण मोठे असले, तरी शहरात अनेक भागांत काही काही दिवसांनी एकदाच नळ येण्याची वेळ लोकांनी अनुभवली आहे. अशा शहरात रोज एक बादली पाणी वाया घालवणे योग्य नाही. नळ गळण्याचे कारण बहुधा क्षुल्लक असते. आतील वायसर, म्हणजे रबराची लहान चकती, झिजलेली असते. ती थोड्या पैशांत बदलता येते. त्यासाठी नवा नळ घ्यावा लागत नाही.

मुलाने फरशीवर तांब्याभर पाणी ओतले आणि ते कोठे जाते हे पाहिले. पाणी जाळीकडे जाण्याऐवजी भिंतीच्या कोपऱ्याकडे गेले. रोग सापडला. फरशीचा उतार चुकला होता. साचलेले पाणी सांध्यांतून खाली झिरपत होते. दादी घसरल्या त्या याच पाण्यामुळे आणि शिंपीकाकांचे छत ओले झाले तेही याच पाण्यामुळे.

पाण्याचा नियम

पाणी नेहमी उताराकडे वाहते. हा नियम साधा आहे, पण या शहराचा इतिहास त्याच नियमावर उभा आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने खडकी हे नगर वसवले. तेच पुढे औरंगाबाद झाले. नगराला पाणी हवे होते. मलिक अंबरने डोंगराकडील पाणी जमिनीखालून नगरात आणले. ही योजना नहर-ए-अंबरी या नावाने ओळखली जाते. त्या काळी विजेचे पंप नव्हते. उतार अचूक साधला, म्हणून पाणी आपोआप वाहत आले. पाणचक्की तर तुम्ही पाहिलीच असेल. तेथेही दुरून आणलेले पाणी उंचावरून पाडून पिठाची चक्की फिरवीत असत.

मैलभर लांबीच्या नहरेला जो नियम लागू पडतो, तोच सहा फुटांच्या न्हाणीलाही लागू पडतो. फरशीला दर मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर उतार असावा. सहा फूट म्हणजे सुमारे १.८ मीटर. म्हणून या न्हाणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे तीन सेंटिमीटर उतार हवा. उतार कमी असेल तर पाणी साचते. फार जास्त असेल तर पाय घसरतो.

गवंडी उतार कसा मोजतात? ते एक लांब पारदर्शक नळी पाण्याने भरतात. तिची दोन टोके दोन ठिकाणी धरतात. नळी कितीही वाकली, तरी दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीवर राहते. त्या पातळीच्या खुणा भिंतीवर करतात आणि तेथून खाली अंतर मोजतात. या कामाला महागडे यंत्र लागत नाही.

जुने ते सगळे टाकाऊ नव्हे

गवंडी आले. अब्बांनी विचारले, "मिस्त्री, या फरशीवरच नवी फरशी बसवली तर?" मिस्त्री म्हणाले, "नको भाई. जुन्या मजल्यावर ओझे वाढेल आणि खालची गळती तशीच राहील. तुमची शहाबादी फरशी चांगली आहे. हीच उचलू आणि पुन्हा बसवू."

शहाबादी फरशी दगडाची असते. ती वर्षानुवर्षे टिकते. ओली झाली तरी फार निसरडी होत नाही. जी गुळगुळीत झाली असेल, तिला छिन्नीने टाचे मारून पुन्हा खरखरीत करता येते. दुकानातील चकचकीत फरशी दिसायला सुंदर असते, पण ओल्या पायांना ती धोक्याची ठरते. नवी घ्यायचीच असेल, तर न्हाणीसाठी खरखरीत पृष्ठाची घ्यावी.

काम करताना क्रम महत्त्वाचा असतो. प्रथम फरशी उचलावी. नंतर सांडपाण्याचा नळ तपासावा. जाळीखाली एक वाकडे भांडे बसवतात. त्याला कारागीर नहाणी ट्रॅप म्हणतात. पाहा, या नावातही आपली न्हाणी लपलेली आहे! त्याच्या बाकात थोडे पाणी सदैव उभे राहते. हे पाणी पहाऱ्याचे काम करते. गटाराचा वास आणि झुरळे ते वर येऊ देत नाही.

यानंतर खालच्या थराला उतार द्यावा आणि त्यावर पाणी अडवणाऱ्या लेपाचे दोन हात द्यावेत. भिंतीच्या तळाशीही हा लेप एक फूट वर चढवावा, कारण पाणी बहुतेक वेळा कोपऱ्यातूनच शिरते. लेप वाळला की परीक्षा घ्यावी. जाळीचे तोंड बंद करून तीन-चार बादल्या पाणी ओतावे, भिंतीवर खडूने पातळीची खूण करावी आणि ते दिवसभर तसेच ठेवावे. दुसऱ्या दिवशी खूण पाहावी आणि खालचे छतही पाहावे.

या घरातील लोकांनी नळ येण्याच्या दिवशीच ही परीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपीकाकांनी स्टुलावर चढून छताला हात लावला. छतावर नवी ओल आली नव्हती. मग ते परीक्षेचे पाणी बादल्यांत भरून ठेवले. फरशी बसवल्यावर सिमेंटला काही दिवस पाणी मारावे लागते. त्यासाठी ते उपयोगी पडले.

भिंत, उजेड आणि वारा

पोपडे निघालेल्या भिंतीवर घाईने रंग लावू नये. ओल आत असेल, तर नवा रंगही दोन महिन्यांत सुटतो. आधी गळती थांबवावी. पोपडे खरवडावे. भिंत पूर्ण वाळू द्यावी. जुनी भिंत चुन्याची असेल, तर जेथे पाणी उडत नाही अशा वरच्या भागाला चुन्याचीच सफेदी द्यावी. चुना भिंतीतील दमटपणा बाहेर पडू देतो. तेलाचा रंग तो आत कोंडून ठेवतो.

भिंतीच्या खालच्या भागाला जुन्या पांढऱ्या फरशा होत्या. त्या फुटल्या नव्हत्या, फक्त त्यांचे सांधे काळे पडले होते. अम्मी आणि मुलांनी सांधे खरवडले आणि त्यांत पांढरे सिमेंट भरले. क्षाराचे डाग व्हिनेगरने निघाले. येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ब्लिचिंग पावडर आणि आम्ल ही दोन्ही कधीही एकत्र करू नयेत. त्यातून विषारी वायू निघतो.

छताजवळची लहान खिडकी कोणीतरी पत्रा ठोकून बंद केली होती. पत्रा काढला आणि जाळी बसवली. उजेड आणि वारा दोन्ही आत आले. भिंती लवकर वाळू लागल्या. ज्या न्हाणीघरात वारा खेळत नाही, तेथे गॅसचा गिझर मुळीच लावू नये. गॅस अपुऱ्या हवेत जळला, तर कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याचा जीवही जाऊ शकतो. विजेची बटणे ओला हात पोहोचणार नाही अशा जागी, शक्यतो बाहेर असावीत.

खर्चाचा हिशेब

मुलीने वहीत हिशेब मांडला. फरशी उचलणे, उतार देणे, लेप लावणे आणि फरशी पुन्हा बसवणे यांसाठी पाच हजार रुपये. नळाची दुरुस्ती, जाळी आणि नहाणी ट्रॅप यांसाठी अठराशे. आधाराची दांडी आणि दिवा यांसाठी पंधराशे. सफेदी, खिडकीची जाळी आणि दाराची डागडुजी यांसाठी बावीसशे. हे झाले दहा हजार पाचशे. उरलेले पंधराशे राखीव ठेवले. जुन्या घरात फरशी उचलल्यावर खाली काय निघेल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून थोडे पैसे हाताशी ठेवलेच पाहिजेत. भाव गावोगावी आणि दरवर्षी बदलतात. पण हिशेबाची ही रीत बदलत नाही. जे काम दिसत नाही, त्यावर आधी खर्च करावा आणि जे दिसते, त्यावर नंतर करावा.

आधाराची दांडी कोठे लावायची, हे दादींनाच विचारले. त्या चौकीवर बसल्या, उठल्या आणि हात जेथे आपोआप गेला, तेथे खूण केली. मिस्त्रींनी दांडी तेथेच घट्ट बसवली. मुलाने तिला लोंबकळून पाहिले. दांडी हलली नाही.

आठ-दहा दिवसांनी न्हाणीघर वापरात आले. दादी दांडी धरून आत गेल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आता मला कोणी दाराशी उभे राहायला नको." घरातल्या सर्वांना आरशासारख्या फरशीपेक्षा हे वाक्य जास्त मोलाचे वाटले.

मुलांनो, या पाठात आलेले हिशेब, खर्च, दुरुस्ती, फरशी हे शब्द तुम्हांला परके वाटले नसतील. ते उर्दूत आहेत आणि मराठीतही आहेत. एका गल्लीत राहणाऱ्या शेजाऱ्यांप्रमाणे या दोन भाषांनी एकमेकींच्या घरातून बरेच काही आणले आहे.

शब्दार्थ

दुर्लक्षित – ज्याकडे कोणी लक्ष देत नाही असे
पोपडे – भिंतीवरून सुटणारे रंगाचे पापुद्रे
झिरपणे – हळूहळू आत मुरणे
गवंडी – भिंत, फरशी यांचे काम करणारा कारागीर
डागडुजी – किरकोळ दुरुस्ती
क्षुल्लक – अगदी लहान, किरकोळ

स्वाध्याय

१. दादींचा पाय घसरला आणि शिंपीकाकांचे छत ओले झाले. या दोन्ही गोष्टींचे एकच कारण कोणते?
२. मिस्त्रींनी जुन्या फरशीवर नवी फरशी बसवण्यास नकार का दिला?
३. नहर-ए-अंबरी आणि न्हाणीघराची फरशी यांत कोणते साम्य आहे?
४. हिशेबात पंधराशे रुपये राखीव का ठेवले?
५. तुमच्या घरातील किंवा शाळेतील गळका नळ शोधा. एका तासात किती पाणी जमते ते मोजा आणि एका दिवसाचा हिशेब करा. नंतर तो नळ दुरुस्त करण्याविषयी मोठ्या माणसांना सांगा.