साक्षीदार मोठा की कागद?

डहाणूजवळच्या चिंचणीचे ताम्रपट अभ्यासकांना ठाऊक आहेत ते मुख्यतः संजाणच्या अरब अधिकाऱ्यामुळे. शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात हा मधुमति ऊर्फ सुगतिप भेटतो. नदीप्रवाहांवर फुकट होडी चालवणारा, अन्नछत्रात भात, कालवण आणि तूप वाढणारा हा सुभेदार देवीच्या मठाला जमीन मिळवून देतो. पुढे दिनेशचंद्र सरकारांनी हे पट ‘एपिग्राफिया इंडिका’त छापले.

मला त्यांचे आकर्षण आहे ते दस्तऐवज म्हणून. राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाच्या काळातला एक पट तर चक्क दोन देवस्थानांमधला करारनामा आहे. भिल्लमालदेवाची जागा मठाकडे आहे, तिच्यापोटी वर्षाकाठी अमुक द्रम्म द्यायचे. शिलाहारांचा मांडलिक चामुंडराज याच्या शके ९५६ च्या पटात तेलाच्या घाण्याचे दान आहे आणि गावच्या प्रतिष्ठितांत अल्लिय, महर, मधुमत अशी नावे येतात. उद्या घाण्यावर कोणी हक्क सांगितला तर ‘आमच्यादेखत झाले’ म्हणायला ही मंडळी, असे मी समजतो.

साक्षीदार झाले, आता सही. पण पत्रा कोरणार कारागीर. त्यावर दात्याचे हस्ताक्षर यायचे कसे? शिलाहारांच्या दफ्तराने तोड काढली. लेखाच्या शेवटी राजा लेखकाच्या हातून आपली संमती चढवतो आणि अक्षर कमी पडले वा जास्त झाले तरी सारे प्रमाण, असे बजावले जाते. कोरक्याच्या चुकीवर बोट ठेवून दान मोडू पाहणारे तेव्हाही असणारच.

याज्ञवल्क्यस्मृतीने पुरावे तीन सांगितले: लेख, वहिवाट आणि साक्षी. ऋणकोने खतावर आपल्या हाताने संमती लिहायची, साक्षीदारांनी आपापली नावे घालायची. सबंध खत स्वहस्ते लिहिलेले असेल तर साक्षीदाराविनाही चालते. मात्र ते बळजबरीने किंवा कपटाने लिहून घेतलेले नसावे. संशय आलाच तर त्याच माणसाच्या दुसऱ्या लिखाणाशी ताडून पाहायचे. यावरची ‘मिताक्षरा’ टीका विज्ञानेश्वराने इ.स. ११००च्या सुमारास चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली.

फ्रान्समध्ये साक्षीदाराला कागदाहून वरचा मान होता. १५६६च्या मूलँच्या राजाज्ञेने तो काढून घेतला: शंभर लिव्रांवरचा व्यवहार लेखी हवा आणि त्या लेखाविरुद्ध तोंडी साक्ष चालणार नाही. कागदाचे वजन वाढले, तसे खोट्या सह्यांचेही. १५७०मध्ये खुद्द राजा नवव्या चार्ल्सच्या सहीची कोणी नक्कल केल्यावर पॅरिसच्या लेखनगुरूंचा अधिकृत संघ उभा राहिला. अक्षर तपासायला कोर्ट त्यांना बोलावू लागले. नेपोलियनच्या १८०४च्या संहितेने मर्यादा दीडशे फ्रँक केली. सही नाकारली की अक्षराची पडताळणी. वारसाने मात्र ‘हे अक्षर मला ओळखता येत नाही’ एवढे म्हटले तरी पुरे. सबंध हाताने लिहिलेले, तारीख आणि सही असलेले मृत्युपत्र तिथे साक्षीदाराविना चालते. आपल्याकडे १९२५च्या वारसा कायद्यानुसार दोन साक्षीदार लागतात.

आपला १८७२चा पुरावा कायदा माणसावर जास्त विसंबला. रकमेची मर्यादा नाही. तज्ज्ञाइतकीच त्या अक्षराची ओळख असलेल्या माणसाची साक्षही चालते, मग तो दुकानातला मुनीम का असेना. न्यायाधीश स्वतःही दोन सह्या शेजारी ठेवून पाहू शकतो. २०२४पासून त्याच्या जागी लागू झालेल्या नव्या साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे.

ज्याला लिहिताच येत नाही त्याचे काय? मराठी कागदपत्रांत कुणब्याच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ आणि लिहिणाऱ्यासाठी ‘बिकलम’ असायचे. नांगर कोणीही काढू शकतो. १८५८मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेलने राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या करारावर त्याच्या सबंध पंजाचा ठसा घेतला, उद्देश हा की पुढे त्याने सही नाकारू नये. पुरावा कायद्यातल्या १८९९च्या दुरुस्तीने बोटांच्या ठशांवरचे तज्ज्ञांचे मत पुराव्यात आले.

अंगठा कोणाचा, एवढे ठशावरून कळते. वरचा मजकूर नंतर भरला का, हे कळत नाही. कागदाच्या आड येणारी तोंडी साक्ष आपला कायदाही सहसा ऐकत नाही. फसवणूक किंवा धाकदपटशा असेल तर ऐकतो. पण त्यासाठी बोलणारा साक्षीदार हवा, आणि डहाणू-उंबरगावात सावकार-जमीनदाराविरुद्ध तोंड उघडणारा वारली १९४५च्या उठावापूर्वी मिळणे कठीणच होते.