लॉबी कुणाची, बाकडं कुणाचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा आजचा एपिसोड, थोडी काटछाट करून.

अंधेरी घ्या, मुलुंड घ्या. वन बीएचकेमध्ये चार जण भाड्याने राहतात, आणि घरी फोन करायचा तर माणूस जिन्यात येऊन बसतो. म्हणजे लॉबी, जिना, स्टिल्ट ही जागा भाडेकरू भरपूर वापरतो. ती कशी सजवायची हे मात्र सोसायटीचे सभासद ठरवतात. आमच्या भाषेत सांगायचं तर भाडेकरूला फक्त ‘रीड ओन्ली’ ॲक्सेस!

आधी मालकीचं बघू. दहिसर पूर्वेच्या पांचाली सोसायटीत स्टिल्टमधल्या पार्किंगवर बिल्डरने हक्क सांगितला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. ३१ ऑगस्ट २०१० ला निकाल आला: मोफा कायद्याखाली स्टिल्ट ही सामाईक जागा आहे, बिल्डर ती वेगळी विकू शकत नाही. पुढे २०१६ च्या रेरा कायद्याने जिने, लिफ्ट, लॉबी यांना व्याख्येतच सामाईक म्हटलं. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दारासमोर ठेवलेलं लाकडी कपाट हे सगळ्यांच्या जागेत ठेवलेलं कपाट असतं.

आता पैसा. फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते. २००१ च्या सरकारी आदेशानुसार ते सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. सर्व्हिस चार्जेसच्या, हं! पूर्ण मेंटेनन्स बिलाच्या नाही. मालक ते बहुतेक वेळा भाड्यातच धरतो. म्हणजे खिसा भाडेकरूचा, पण मीटिंगमध्ये मत नाही.

आणि खर्च होतो कशावर? ग्रॅनाइट, पीओपीचं सीलिंग, एलईडीची पट्टी, मोठा आरसा. दिसायला छान, पण पावसात ओल्या चपलेने त्या चकचकीत फरशीवर आजी घसरणार. माझ्या मते पहिला खर्च दाराजवळच्या खरबरीत टाइल्सवर व्हावा. मग जिन्यात सेन्सरचे दिवे, वॉचमनच्या टेबलाशेजारी पार्सलसाठी दोन फळ्या, आणि भिंतीला लावलेली, दुमडता येणारी बैठक. या कशालाही इंटिरियर डिझायनर लागत नाही.

जिना मात्र रिकामाच हवा. आग लागली की जिन्यात धूर भरतो, लाइट जातात, लोक भिंत चाचपडत उतरतात. तिथे शू-रॅक असला तर पाय अडकतो, आणि लाकडाचा असला तर तोच पेटतो. २००६ च्या महाराष्ट्र अग्निसुरक्षा कायद्याखाली दर जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी द्यावा लागतो. तो देणारी माणसं तपासणीला आली की चार दिवस रॅक आत जातात, मग परत बाहेर.

मत नसताना काय करायचं? मालकाच्या सहीने सेक्रेटरीला पत्र द्या. ‘बसायला जागा हवी’ एवढंच लिहिलंत तर ते फायलीत जाईल. नेमकी भिंत, बैठकीची लांबी, ती दुमडल्यावर चालायला किती वाट उरते ते, एक फोटो आणि सुताराचं कोटेशन जोडा. आणि पोच घ्यायला विसरू नका.