पोथीची मालकी आणि ग्रंथाचें स्वामित्व

जुन्या दप्तरांचा व पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या मंडळींत एक समज दृढ झालेला आढळतो. तो असा कीं, ज्याच्या घरीं पोथी, त्याचाच तींतील ग्रंथ; यास्तव त्याच्या अनुज्ञेवांचून तो कोणीं छापूं नये. या समजांत दोन भिन्न वस्तूंची गल्लत झालेली आहे. आणि त्या गल्लतीपायीं कित्येक पोथ्या कसरीच्या भक्ष्यस्थानीं पडतात, पण अभ्यासकाच्या हातीं पडत नाहींत. म्हणून या विषयाचा थोडा उलगडा करणें इष्ट वाटतें.

पोथी म्हणजे कागद, शाई व वेष्टन. ही जंगम मालमत्ता होय. ती विकतां येते, दान देतां येते, वांटणींतही येते. ग्रंथ म्हणजे कर्त्यानें केलेली शब्दरचना. तिच्या प्रती काढण्याचा, ती प्रसिद्ध करण्याचा व तिचें भाषांतर करण्याचा जो अधिकार, त्यास ग्रंथस्वामित्व किंवा कॉपीराइट म्हणतात. हा भेद इंग्लंडांत १७४१ सालीं स्पष्ट झाला. एडमंड कर्ल या पुस्तकविक्रेत्यानें अलेक्झांडर पोप या कवीचीं पत्रें छापलीं, तेव्हां पोपनें दावा लावला. पत्राचा कागद फार तर ज्याला तें आलें त्याचा होईल, परंतु मजकूर छापण्याचा अधिकार लिहिणाऱ्याकडेच राहतो, अशा आशयाचा निवाडा लॉर्ड हार्डविक यांनीं दिला.

आपल्याकडील १९५७ च्या कायद्याचेंही तत्त्व हेंच आहे. हक्क सामान्यतः प्रथम कर्त्याचा. तो दुसऱ्यास द्यावयाचा तर लेखी करार पाहिजे. पोथी विकत घेतल्यानें तो आपोआप मिळत नाहीं. मात्र कर्त्यानें मृत्युपत्रान्वयें आपलें अप्रकाशित हस्तलिखित कोणास दिलें, व त्यांत विरुद्ध इच्छा दर्शविली नाहीं, तर हस्तलिखिताबरोबर स्वामित्वही दिलें असें कायदा मानतो.

हा हक्क कायमचा मात्र नव्हे. इंग्लंडच्या १७१० च्या कायद्यानें नव्या ग्रंथाच्या कर्त्यास १४ वर्षें, व तदनंतर तो हयात असल्यास आणखी १४ वर्षें हक्क दिला. विद्येस उत्तेजन द्यावें हा हेतु त्या कायद्याच्या मथळ्यांतच सांगितला आहे. हिंदुस्थानांत १८४७ च्या कायद्यानें ४२ वर्षें, किंवा कर्त्याचें आयुष्य व पुढें ७ वर्षें, यांपैकीं जी मुदत अधिक ती ठरविली. १९१४ च्या कायद्यानें ती मृत्यूनंतर ५० वर्षें झाली, आणि १९९२ च्या दुरुस्तीनें ६० वर्षें. मुदत सरली कीं ग्रंथ सर्वांचा होतो. कर्त्यास श्रमाचें फळ मिळावें व अखेरीस समाजास ग्रंथ मिळावा, असा या योजनेचा दुहेरी हेतु आहे.

संग्राहकांनीं विशेष ध्यानांत ठेवावयाची गोष्ट अप्रकाशित लेखनाविषयींची. कर्त्याच्या मृत्युसमयीं ज्यावर हक्क होता, पण जें प्रसिद्ध झालें नव्हतें, त्याचीं ६० वर्षें मृत्यूपासून नव्हे, तर प्रथम प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून मोजतात. म्हणजे विसाव्या शतकांतील एखादी रोजनिशी छापलीच नाहीं, तर तिची मुदत सुरूच होत नाहीं! यावर कायद्यानें एक वाट ठेविली आहे. लोकांस खुल्या असलेल्या ग्रंथालयांत, संग्रहालयांत वा तत्सम संस्थेंत असें वाङ्मयीन लेखन ठेविलेलें असेल, तर संशोधनासाठीं किंवा प्रकाशनाच्या हेतूनें त्याची प्रत करतां येते. कर्ता कोण हें संस्थेस ठाऊक असल्यास मात्र त्याच्या मृत्यूस ६० वर्षें लोटलेलीं असावीं लागतात. खासगी कपाटांतील लेखनास ही वाट मोकळी नाहीं.

आमच्या पूर्वजांस द्रव्याच्या हक्काची कल्पना नसली, तरी ग्रंथाच्या शुद्धतेची चाड होती. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ त, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, आणि पुढें कोणीं तींत आपली ओवी घालूं नये असें बजावलें. ५७ व्या कलमाचा आशय याहून फार दूर नाहीं: हक्क विकल्यावरही कर्ता आपलें नांव सांगूं शकतो, आणि प्रतिष्ठेस बाध आणणाऱ्या विकृतीस हरकत घेऊं शकतो.

आतां संपादकाविषयीं. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालीं सांगितलें कीं, केवळ श्रम व खर्च केल्यानें स्वामित्व उत्पन्न होत नाहीं. त्यांत थोडाबहुत बुद्धिव्यापार दिसला पाहिजे. तेव्हां जुन्या बखरीची नक्कल छापणाऱ्यानें बखर आपली झाली असें समजूं नये. प्रस्तावना, टीपा, विवेचन हें त्याचें. मूळ बखर त्याची नव्हे.

यावरून संग्राहकाचें कर्तव्य स्पष्ट होतें. पोथी हातीं येतांच कर्ता कोण, तो केव्हां निवर्तला, ग्रंथ पूर्वीं छापला आहे काय, आणि पोथी कोठून मिळाली, हें वेष्टनावर नोंदवावें; आणि शक्य तर मूळ किंवा तिची नक्कल लोकांस खुल्या असलेल्या संस्थेच्या स्वाधीन करावी; मात्र नकलेपूर्वीं हक्काची मुदत पाहावी. पोथी जपणाऱ्याचें नांव संपादकानें कृतज्ञतापूर्वक छापावें, हें त्याचें न्याय्य श्रेय होय. त्यापलीकडे ग्रंथ अडवून धरण्याचा अधिकार केवळ पोथीच्या मालकीनें मिळत नाहीं.