तुपातला तीळ आणि पुड्यावरचे आकडे

वर्ध्याहून परतणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत गोरसपाक असतोच. गाईच्या तुपातल्या या खाऊने गावाला ओळख दिली. पण तूप खरं कशावरून, हा प्रश्न याच परिसरातून फार पूर्वी साऱ्या देशापुढे मांडला गेला, हे आज थोड्यांनाच ठाऊक आहे.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचं काम सुरू झालं. संघाचे जे. सी. कुमारप्पा आणि त्यांचे सहकारी घाणीचं तेल, हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ यांचा अभ्यास करत होते. १९४१ मध्ये जमनालाल बजाजांनी वर्ध्यातच गोसेवा संघ उभारला. तोवर वनस्पती तूप बाजारात रुळलं होतं. डालडा १९३७ चा. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर कडक टीका केली. आक्षेप पोषणाचा होता, तसाच फसवणुकीचाही. दिसायला तूप, पण आत तेल.

तेलाचं असं ‘तूप’ होतं कसं? तेलाच्या रेणूत काही ठिकाणी दुहेरी बंध असतात, तिथे रेणू वाकतो आणि तेल पातळ राहतं. निकेलच्या सान्निध्यात त्यातून हायड्रोजन सोडला की बरेच बंध भरून निघतात, रेणू सरळ होतात, एकमेकांना चिकटून बसतात आणि तेल थिजतं. ही क्रिया अर्धवट झाली तर उरलेले काही बंध पीळ बदलतात. तेच ट्रान्स फॅट. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल ते वाढवतं, चांगलं घटवतं.

भेसळ ओळखू यावी म्हणून वनस्पतीला रंग द्या, अशी मागणी तेव्हा जोरात होती. सरकारने वेगळी वाट धरली: वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं. तिळाच्या तेलातून आम्लात सेसॅमॉल सुटतं आणि फरफ्युरलशी संयोग होऊन किरमिजी रंग येतो. हीच बोदोइन चाचणी. वनस्पती मिसळलेलं तूप परीक्षानळीत लाल होतं. युक्ती खरोखर हुशारीची, पण रंग दिसला तो प्रयोगशाळेत. वाण्याच्या दुकानात उभ्या असलेल्या बाईला तो कधीच दिसला नाही.

आजच्या बिस्किटाच्या पुड्यावर नेमकं हेच घडतंय, असं मला वाटतं. माहिती आहे, पण ती आकड्यांत दडलेली. ३२२ म्हणजे लेसिथिन, ५०३ म्हणजे बिस्किट फुलवणारं अमोनियम कार्बोनेट, २२३ म्हणजे पीठ सैल करणारं सोडियम मेटाबायसल्फाइट. आकडा दिसला की विष, असं मुळीच नाही. ३३० हे लिंबातलंच सायट्रिक आम्ल. मात्र सल्फाइटने दम्याच्या काही रुग्णांना त्रास होतो, आणि नुसत्या २२३ वरून त्यांना ते कळत नाही. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, तिथेही पळवाट आहे. साखर, लिक्विड ग्लुकोज आणि इन्व्हर्ट सिरप अशी गोडी तिघांत वाटली की प्रत्येकाचं नाव खाली सरकतं.

कायदा हललाच नाही असं नाही. तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आली. पाकिटाच्या दर्शनी भागावर साखर, मीठ, चरबीचा इशारा हवा, हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं. पण लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की नियम पुरा होतो. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी, कारंजा, समुद्रपूरच्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या पुड्यावर मराठीची सक्ती नाही.

अन्न सुरक्षा प्राधिकरण नियमांचे मसुदे जाहीर करून नागरिकांच्या सूचना मागवतं. लेबलचा पुढचा मसुदा येईल तेव्हा बचत गटांनी, शाळांनी, ग्राहक संघटनांनी जरूर लिहावं: आकड्याशेजारी घटकाचं नाव द्या, आणि ते मराठीत, चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरांत छापा.