जुन्या मोटारीची विक्री

सोलापुरांतील जुन्या घरांच्या मागील अंगणांत कधीं कधीं पत्र्याच्या छपराखालीं एखादी मोटार वर्षानुवर्षें उभी असते. वडिलांनीं हौसेनें घेतलेली, त्यांच्या मागें कोणीं न चालविलेली. टायर बसलेले, गादीच्या स्प्रिंगा वर आलेल्या, बॉनेटखालीं उंदरांचा संसार. एके दिवशीं भंगारवाला ती वजनाच्या भावानें मागतो आणि घरधनी सुटलों म्हणून देऊन टाकतो. यांत त्याचें नुकसान होतें, तें बहुधा आपल्याजवळ काय आहे हें ठाऊक नसल्यामुळें.

मोटारीचा आणि या शहराचा संबंध जुना आहे. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालीं येथेंच झाला. १९४४ सालीं त्यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीशीं करार करून १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यांत डॉज, प्लिमथ व डिसोटो या गाड्या जुळविण्यास आरंभ केला. पुढें फियाट आली व तिचीच पद्मिनी झाली. अमेरिकेंत १९६० नंतर डॉज व प्लिमथ याच नांवांनीं प्रचंड ताकदीच्या एंजिनांच्या मोटारी निघाल्या. त्यांच्या मोडक्या सांगाड्यांनाही तिकडे गिऱ्हाईक मिळतें. आपल्याकडे तसल्या फारशा आल्याच नाहींत. येथील शौकीन शोधतो तो ही डॉज, ही फियाट.

त्याला हवें असतें तें काय? चकचकीत रंग खास नव्हे. विकण्यापूर्वीं पुट्टी भरून घाईनें रंग मारणें ही विकणाराची सर्वांत महाग चूक. जाणता गिऱ्हाईक पुट्टीवर लोहचुंबक लावून पाहतो, आणि तें चिकटलें नाहीं कीं त्याचा विश्वास उडतो. दरवाज्याखालची पट्टी, पायांखालचा पत्रा, डिकीचा तळ या जागा गंज खातात. डॉजसारख्या जुन्या गाडीला बॉडीखालीं स्वतंत्र चासी असते, म्हणून वरचा पत्रा सडला तरी ती उभी राहते. फियाट ११०० ला तशी चासी नाहीं. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा. तिचा तळ सडला तर दुरुस्तीचा खर्च एकदम चढतो. या बाबतींत सोलापूरकराचें दैव बरें. येथील कोरडी हवा माणसांना जाचक वाटली, तरी पत्र्याला ती मुंबईच्या खाऱ्या हवेपेक्षां पुष्कळच मानवते.

एंजिन बंद असल्यास बॅटरी लावून तें जबरदस्तीनें फिरवूं नये. प्लग काढून सिलिंडरांत थोडें तेल सोडावें, कांहीं दिवसांनीं हातानें हळूच फिरवून पाहावें. फिरलें तर तेवढें सांगावें. अडलें असेल तर तेंही सांगावें. पेट्रोल परवडेना म्हणून पूर्वीं अनेकांनीं अमेरिकन गाड्यांत डिझेल एंजिनें बसविलीं. अशा गाडीचें मूळ एंजिन कोपऱ्यांत पडलें असेल, तर तें भंगारांत घालूं नये.

आतां कागद. आर. सी. बुक वडिलांच्या नांवें असेल, तर प्रथम वारसाच्या नांवें फॉर्म ३१ वर बदल करून घ्यावा. मग विक्रीसाठीं २९ व ३०. पुस्तकांतील एंजिन व चासीचे क्रमांक धातूवरील क्रमांकांशीं ताडून पाहावे. ५० वर्षांहून जुन्या गाडीसाठीं २०२१ सालीं केंद्र सरकारनें व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षें. मात्र सांगाडा, बॉडी व एंजिन यांत भरीव फेरबदल झालेला नसावा, आणि गाडी रोजच्या वापरासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शनें, शर्यतवजा सहली, दुरुस्ती, पेट्रोल भरणें, एवढ्यापुरतीच मोकळीक. म्हणजे मूळपणाला आतां कायद्यानेंही किंमत दिली आहे.

"गाडी नेतों, नांव मागाहून बदलूं" असें म्हणणारा भेटतोच. त्याला नम्रपणें थांबवावें. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्ट केलें आहे कीं, ज्याच्या नांवें नोंद, तोच कायद्यानें मालक. मधल्या काळांत अपघात झाला, तर भरपाईचा बोजा त्याच्यावर येतो. टेम्पोवर चढवून नेलेली बंद गाडी उद्यां दुरुस्त होऊन रस्त्यावर येणारच असते! नांव बदलल्याचा कागद हातीं आल्यावर मग माळ्यावरचे जुने दिवे, चाकांच्या टोप्या, जॅक आणि दुसरी किल्लीही देऊन टाकावी. त्या वस्तूंचा घरांत कांहींच उपयोग नसतो, आणि घेणारा त्यांच्यासाठीं मुंबईचा चोरबाजार पालथा घालतो.