उंबराचे फूल



फार दिवसांनी कोणी पाहुणा दारी आला, म्हणजे घरातील वडील मंडळी त्याला ‘अगदी उंबराचे फूल झालात!’ असे म्हणतात, ते तुम्ही ऐकले असेल. हे फूल कोणाच्या दृष्टीस पडत नाही, अशी समजूत आहे. उंबरावर दुसरीही एक म्हण आहे: ‘उंबर फोडून केंबरे उडविणे’, म्हणजे झाकलेले दोष उघडे पाडणे. केंबरे म्हणजे उंबरातील बारीक किडे. गंमत अशी, की पहिल्या म्हणीतील फुलाचे कोडे दुसऱ्या म्हणीतील केंबरांवाचून सुटत नाही.

ज्याला आपण उंबराचे फळ म्हणतो, ती खरोखर एक बंद पिशवी आहे. तिच्या आतल्या अंगाला शेकडो चिमुकली फुले दाटीने लागलेली असतात. म्हणजे फूल दुर्मिळ नाही. आपण ते रोज पायाखाली तुडवितो!

आता, बी धरावयाचे तर पुंकेसरातील पराग स्त्रीकेसरावर पडला पाहिजे. जास्वंद रंग दाखविते, मोगरा सुगंध पसरवितो, आणि पाहुणे येतात. उंबराने मात्र दार लावून घेतले आहे. शेंड्याशी एक अरुंद छिद्र तेवढे असते. त्यातून तिळाएवढी एक गांधीलमाशीची जात आत शिरते. वाट इतकी चिंचोळी, की तिचे पंख तेथेच तुटून पडतात. दुसऱ्या झाडावरून आणलेला पराग ती फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. ज्या फुलांत अंडे पडत नाही, त्यांत बी धरते.

काही आठवड्यांनी पिल्ले मोठी होतात. नरांना पंखच नसतात. माद्यांशी संग झाल्यावर ते उंबराची भिंत पोखरून वाट करून देतात आणि मरतात. त्यांच्या आयुष्यात बाहेरचा उजेड बहुधा नसतोच. एव्हाना पुंकेसर पिकलेले असतात. त्यांतील पराग घेऊन माद्या नव्या उंबराच्या शोधात उडतात.

इतक्या किड्यांना पोसावयाचे, शिवाय वटवाघळे, धनेश, माकडे यांना गोड गर द्यावयाचा, म्हणजे झाडाला खर्च थोडा नाही. ही शिदोरी येते कोठून? मातीतून, असे तुम्ही म्हणाल. ब्रुसेल्सचे व्हान हेल्मोंट यांनी वाळुंजाचे ५ पौंडांचे रोप २०० पौंड मातीत लावून त्याला पाच वर्षे नुसते पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले. माती मात्र सुमारे २ औंसच घटली! हे सारे पाण्याचेच झाले, असे त्यांना वाटले. १६४८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, हा प्रयोग छापला गेला. हवेचा वाटा त्यांच्या ध्यानी आला नव्हता. पुढे १७७९ मध्ये इंगेनहाउस यांनी दाखविले, की झाडाचे हिरवे भाग उजेडातच प्राणवायू सोडतात. पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाशाच्या बळावर हवेतील कर्बद्विप्राणिल वायू आणि मुळांनी आणलेले पाणी यांपासून साखर करते. मातीतील क्षार लागतात, पण थोडे. ती साखर सालीजवळच्या वाहिन्यांतून खोडापर्यंत उतरते आणि खोडाला लगडलेल्या घोसांत साठते. उंबराचा गोडवा म्हणजे पानांनी शिजविलेले ऊनच!

माशीजवळ वेळ मात्र फार थोडा. बाहेर पडल्यावर ती एक-दोन दिवसच जगते. एका झाडावरची उंबरे बहुधा एकदमच पिकतात, म्हणून तिला कोवळी उंबरे असलेले दुसरे झाड गाठावे लागते. वाऱ्याबरोबर ती पुष्कळ दूर जाते खरी, परंतु टापूत उंबर मोजकेच उरले तर तिची फेरी फुकट जाते आणि इकडे कोवळी उंबरे बी न धरता गळून पडतात. दत्तभक्तांच्या श्रद्धेमुळे औदुंबरावर कुऱ्हाड सहसा पडत नाही. (ख्रिस्ताला पाहण्यासाठी जक्कय ज्या झाडावर चढला, तेही उंबराच्याच कुळातले.) पण ओढ्याकाठच्या बेवारशी उंबराला कोण विचारतो?

तेव्हा मुलांनो, उद्या झाडाखाली पडलेले एक उंबर उचला, मोठ्या माणसाकडून त्याचे दोन भाग करून घ्या आणि भिंग धरून पाहा. आत बिनपंखी पिवळसर केंबरे सापडली, तर ते नर होत. भिंतीला भोक दिसले, तर माद्या निघून गेल्या, असे समजा.