माहुलीच्या पायथ्याशी सायकॉलॉजी

आपल्यासाठी शहापूर म्हणजे माहुलीचा ट्रेक आणि मुरबाड म्हणजे माळशेजला जाताना लागणारा वडापाव-स्टॉप. खरं ना? माझंही तसंच होतं. मागच्या मे महिन्यात माहुली उतरून (मेमध्ये ट्रेक हा वेडेपणाच, मान्य!) पायथ्याच्या एका घरी पिठलं-भाकरीवर तुटून पडलो होतो, तेव्हा वाढणाऱ्या मुलीने हळूच विचारलं, "ताई, सायकॉलॉजी घेतलं तर पुढे काय होतं?"

बारावी आर्ट्सचा निकाल नुकताच लागलेला. मानसशास्त्र तिचा आवडता पेपर. घरच्यांचं म्हणणं, नर्सिंग कर, नोकरी तरी लागेल. "येड्यांची डाक्टर व्हनार म्हनते!" बाबा हसत म्हणाले, पण त्या हसण्यात काळजी होती. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. त्यामुळे 'ह्याला ठाण्याला पाठवा' या वाक्याचा अर्थ ठाणे जिल्ह्यातच नाही, अख्ख्या महाराष्ट्रात एकच!

तिला मी काय सांगणार? एफवायला मीही सायकॉलॉजी घेतलं होतं. समोरच्याच्या मनातलं वाचता येईल अशी आपली टिपिकल समजूत. प्रत्यक्षात भेटलं स्टॅटिस्टिक्स, मग मास कॉम गाठलं. तरी जे ठाऊक होतं ते स्पष्ट सांगितलं. नुसत्या बी.ए.वर काउन्सेलर होता येत नाही. पुढे एम.ए. लागतं, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. औषधं लिहून देतो तो सायकियाट्रिस्ट. तो रस्ता एमबीबीएसमधून जातो. २०२४-२५ पासून मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत मेजर-मायनरची नवी रचना आली आहे, म्हणून फॉर्म भरण्याआधी एकच प्रश्न विचार: इथे सायकॉलॉजी मेजर म्हणून मिळतं, की फक्त मायनर? इग्नूतून घरबसल्याही बी.ए. होतं, पण माणसांशी बोलायचा सराव घरबसल्या कसा होणार?

जवळ मेजर नसेल तर पुढचं गणित प्रवासाचं. आसनगावहून दादरला लोकलने दीड-दोन तास, आणि कसारा लोकल चुकली की पुढची लगेच येत नाही. मुरबाडला तर रेल्वेच नाही. एसटीने कल्याण, मग लोकल. तुम्ही-आम्ही घाटकोपर ते अंधेरीवर रडतो!

हा एसटी-लोकलचा प्रवास तीन वर्षं केलेला मुरबाडचा एक मुलगा मला नंतर भेटला. टीवायच्या प्रोजेक्टसाठी तो स्वतःच्याच गावात प्रश्नावली घेऊन फिरला होता. "पहिल्याच घरात फसलो," तो म्हणाला. प्रश्नावली इंग्रजीतून शब्दशः उतरवलेली. 'आपणांस निराश वाटते का?' असं विचारल्यावर बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. कागद बाजूला ठेवून "काकू, झोप लागते का?" विचारलं, की मग धबधबा. छातीत धडधडतं, कामात जीव लागत नाही, डोकं चालत नाही. एकीने आधी भगत केला होता, मग डॉक्टर. डॉक्टरांनी बीपी बघून गोळ्या दिल्या. 'डिप्रेशन' हा शब्द कुणीच काढला नाही. पण त्याला मात्र वर्गात शिकलेला एकेक मुद्दा तिथे समोर बसलेला दिसत होता.

टेलि-मानसची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. तो नंबर त्याने त्या काकूंना लिहून दिला. त्या म्हणाल्या, "फोनवर अनोळखी मानसाला काय सांगू? तूच शिकून ये."

आता त्याला एम.ए. करायचंय. पैशांची जुळवाजुळव चालू आहे. एचआरमध्ये जाशील का, विचारलं तर म्हणाला, "आधी पगार लागेल हो ताई, नाही कशाला म्हणू?" मला हे उत्तर आवडलं.

जूनमध्ये माहुलीहून फोन आला. मुलीचा असेल असं वाटलं, पण बाबा बोलत होते. कोर्सबद्दल काही नाही, फीबद्दल नाही.

"ताई, कालेज सुटल्यावर आसनगावला परत यायला गाडी कितीला हाय?"